रणभूमीची हद्द आणि शेजारचा गट नंबर

उपस्थित मित्रहो,

ऐतिहासिक उद्यान जपायचे म्हणजे काय जपायचे, असे विचारले तर बहुतेक जण बुरूज, तोफा आणि स्मारकशिळा दाखवतील. नगररचनेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याची नजर मात्र आधी नकाशावरच्या हद्दीकडे आणि तिला लागून असलेल्या गट नंबरांकडे जाते. आज मी त्या शेजारच्या जमिनीबद्दलच बोलणार आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले गेटिसबर्ग निवडले आहे.

१ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत तिथे अमेरिकी यादवी युद्धातली निर्णायक लढाई झाली. तीस वर्षांनी एका खासगी कंपनीने पर्यटकांसाठी त्या रणभूमीतून विजेची ट्राम न्यायला घेतली. ‘डेव्हिल्स डेन’ या भागात सैनिक ज्या शिळांच्या आडोशाने लढले होते, त्या परिसरातले खडक रुळांसाठी सुरुंग लावून फोडले गेले. सरकारने भूसंपादन सुरू केले, तेव्हा जुनी रणभूमी जपणे हे सार्वजनिक प्रयोजन होऊच शकत नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. २७ जानेवारी १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. राष्ट्राची स्मृती राखण्यासाठी मोबदला देऊन खासगी जमीन घेता येते, हे तिथे त्या दिवशी ठरले.

पण मालकी हद्दीपाशी संपते आणि नजर पुढे जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका उद्योजकाने उद्यानालगतच्या खासगी जमिनीवर ३०७ फुटी लोखंडी मनोरा उभारायचे ठरवले. रणभूमीवर जिथे उभे राहाल तिथून तो डोळ्यांत खुपणार, हे उघड होते. केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने विरोध करता करता शेवटी मनोऱ्याची जागा थोडी बदलून घेण्याचा करार केला आणि वाटेचा हक्कही दिला. असा समझोता आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत शोभला असता. पेनसिल्व्हेनियाचे राज्य सरकार थेट त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतील पर्यावरणविषयक कलम घेऊन न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये हरले. मनोरा १९७४ मध्ये सुरू झाला. अखेर केंद्राने ती जमीन संपादित केली आणि ३ जुलै २००० रोजी, लढाईच्या शेवटच्या दिवसाच्या वर्धापनदिनी, जमलेल्या गर्दीसमोर स्फोटकांनी तो काही सेकंदांत आडवा केला. बांधकामाआधीच त्या एका तुकड्याचा उंच बांधण्याचा हक्क विकत घेतला असता, तर एवढा खटाटोप कशाला लागला असता?

झोनिंगचा, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल हे नियमाने ठरवण्याचा मार्गही अमेरिकेत वापरून पाहिला गेला. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड किनाऱ्याचे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र ७ ऑगस्ट १९६१ च्या कायद्याने झाले, तेव्हा त्यात सहा गावांची वस्ती येत होती. गावांनी केंद्राच्या निकषांत बसणारे झोनिंगचे नियम केले, तर १ सप्टेंबर १९५९ पूर्वीच्या घरांवर सक्तीचे संपादन होणार नाही, अशी तडजोड कायद्यातच लिहिली गेली. ती हुशारीची होती, यात शंका नाही. तरी नियम शेवटी गावसभेच्या हाती राहतो, आणि आज केलेला झोन उद्या बदलता येतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून मला तिसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. शेतकरी जमीन कसतो, विकतो, मुलांना देतो. फक्त तिथे इमारत उभारण्याचा हक्क सरकार किंवा एखादा न्यास मोबदला देऊन विकत घेतो, आणि तो निर्बंध पुढच्या प्रत्येक मालकावर चालतो. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कायमची एक ओळ पडते. १९९० मध्ये गेटिसबर्गची हद्द वाढवली, तेव्हा असे हक्क घेण्याची वाट खुली ठेवली गेली.

आपल्याकडे १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचे मालक त्या १०० मीटरमध्ये दुरुस्तीपुरती परवानगी मिळवू शकतात, नव्याने बांधू शकत नाहीत. त्यांचा हक्क मोजून विकत घ्यावा, अशी पद्धत या वर्तुळाला जोडलेली नाही, म्हणून प्रत्येक घर कायद्याकडे वैऱ्यासारखे पाहते. शिवाय फुटपट्टीला डोंगर कळत नाही. रायगडासारख्या किल्ल्यावर हे ३०० मीटर बहुतांशी कड्यात आणि उतारावर विरून जातात, आणि पायथ्याला वरून ठळक दिसणारी जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी पन्हाळा हे नगरपरिषद असलेले नांदते गाव आहे, आणि कामाची सुरुवात मी तिथूनच करीन. आधी तटबंदीवर उभे राहून नजरेत येणारे गट नंबर नकाशावर रंगवावेत, त्यांतल्या ज्या मोजक्या गटांवर उंच बांधकाम झाल्यास गड झाकला जाईल त्यांच्या मालकांशी दर ठरवावा, आणि बाकीच्यांना छप्पर, उंची व रंग यांचे साधे नियम देऊन मोकळे करावे.