उंदराने खाल्लेली फाईल

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज उंदरांवर बोलायचंय आणि समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्कावर पण बोलायचंय, हो, दोन्हीवर, कारण आमच्या मित्रमंडळींत हे दोन विषय एकाच संध्याकाळी एकाच स्वयंपाकघरात निघाले आणि तेव्हापासून मला ते वेगळे करताच येत नाहीत.

उंदरांचं आधी उरकते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की हे घरात येतात, तुम्हाला माहितीचे. घरातला छोटा उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून सुद्धा आत घुसतो, सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट त्याला भरपूर झाली. मादी तीन आठवड्यात विते, पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यात स्वतः वियायला तयार. आणि हो, चिचुंद्री दिसली तर तिला उंदीर समजून मारू नका बरं का, ती उंदराच्या जातीची नाहीच, ती झुरळं-किडे खाते, वास मारते पण धान्याला तसा तिचा त्रास नाही, उगाच बदनाम झालीये बिचारी.

तर आता गोष्ट ऐका. आमच्या ग्रुपमधले दोघे मित्र पुण्यात राहतात, दोघे पुरुष, कॉलेज संपल्यापासून एकत्र आहेत, संसारच आहे त्यांचा, नावं नाही सांगत, आपण त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू. थोरल्याची आई त्यांच्याजवळच राहते. गेल्या गणपतीत त्यांच्याकडे उंदीर शिरला. धाकट्याने लगेच पिंजरा आणला तर काकू म्हणाल्या, "बाप्पा बसलेत घरात आणि तू त्यांच्या वाहनाला पिंजरा लावतोस? विसर्जन होऊ दे, मग काय ते कर." झालं, पिंजरा दहा दिवस बाल्कनीत.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे मिसळ खायला जमलो. धाकटा दिवाणाच्या खणातून जास्तीच्या डिश काढायला गेला आणि तिथूनच ओरडला, "अरे इकडे या सगळे." जाऊन बघतो तर प्लॅस्टिकच्या फाईलला एका कोपऱ्यात भोक, आणि आत कागदाच्या बारीक बारीक पट्ट्यांचं घरटं, आणि त्यात उंदराची गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, बोटाच्या पेराएवढी. आमची एक वकील मैत्रीण आहे, ती खाली बसली, एक पट्टी उचलून वाचायला लागली, त्यावर एवढंच उरलं होतं, "माझ्या पश्चात माझा". ती म्हणाली, "अरे, हे तुझं इच्छापत्र आहे."

नुसतं इच्छापत्र नाही हो. दोघांची इच्छापत्रं, एकमेकांच्या वतीने सही-व्यवहार करता यावेत म्हणून दिलेली पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मची प्रत, दवाखान्यात मी शुद्धीवर नसलो तर ह्याला विचारा असं लिहून नोटरी केलेला कागद, विम्याचे कागद. सगळं त्या उंदीरबाईने कुरतडून पिल्लांसाठी गादी केलेली.

आमच्यातला एक मित्र, लग्न झालेला, सहज बोलून गेला, "पण एवढे कागद ठेवता कशाला? आमचं एक मॅरेज सर्टिफिकेट आहे, ते पण कुठे ठेवलंय माहीत नाही." त्यावर धाकटा म्हणाला, "तुझं उंदराने खाल्लं तर तू महापालिकेत जाऊन दुसरी प्रत आणशील, आणि नाही आणलीस तरी तू तिचा नवराच. आमचं खाल्लं तर मी ह्याचा कोण?"

काकू दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोण म्हणजे? माझ्या घरातला आहेस, मी सांगेन की कुणी विचारलं तर." वकील मैत्रीण म्हणाली, "काकू, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. उद्या तुम्ही नसताना थोरल्याला काही झालं तर फ्लॅटमधला ह्याचा हिस्सा कायद्याने बहीण-भावांकडे जातो, पुतण्या-भाच्यांकडे जातो, धाकट्याकडे नाही येत. मधे हा एक कागद आहे तेवढाच."

मग त्याच ओट्यावर, मिसळीच्या ताटल्या बाजूला सारून, दोघांनी कोऱ्या कागदावर पुन्हा इच्छापत्रं लिहायला घेतली. आधीची रजिस्टर केलेली होती, त्याची प्रत सब-रजिस्ट्रारकडून मिळाली असती, पण मैत्रीण म्हणाली नवीनच करा, शेवटच्या तारखेचं इच्छापत्र खरं धरतात, शंका नको. काकू म्हणाल्या साक्षीदार म्हणून मी सही करते. मैत्रीण म्हणाली, "काकू, साक्षीदार वयाने लहान असलेला बरा, पुढे कोर्टात सांगायला लागलं तर तो हवा ना." तेव्हा त्या बिचाऱ्या गप्प झाल्या आणि मग सही मी केली आणि त्या सर्टिफिकेट हरवलेल्या मित्राने केली. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीसाठी दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपर आणला, तो ५०० चा, शंभराच्या स्टॅम्पची बरीच कामं महाराष्ट्रात २०२४ पासून पाचशेवर गेली, आणि साध्या माणसाला साध्या कामाला पाचशे रुपये लावणं मला अजिबात पटलेलं नाही, ते असो.

पिल्लांना काकूंनी मारू दिलं नाही. धाकट्याने घरट्यासकट चपलेच्या खोक्यात घालून सोसायटीमागच्या कुंपणाच्या भिंतीशी नेऊन ठेवली. आई रात्री पिंजऱ्यात सापडली, भाजलेल्या खोबऱ्याच्या तुकड्याला, तिलाही तिथेच सोडलं. आणि मंडळी, ते गोंदाचे पॅड कृपा करून आणू नका. जिवंत जनावर त्यावर तासन् तास चिकटून तडफडतं, प्राणी कल्याण मंडळाने सुद्धा ते वापरू नका असं सांगितलेलं आहे.

आता कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दंड संहितेच्या ३७७ कलमातून अशा जोडप्यांना मोकळं केलं, म्हणजे दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. लग्नाचं प्रकरण २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांसमोर चाललं, मागणी अशी होती की १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली आमचीही लग्नं नोंदवा. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला, लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. लग्न नाही तर निदान नात्याला कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल द्यावी म्हणाले, तिघे नाही म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये असं एक लग्न नोंदवलं गेलं, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. आपल्याकडे केंद्राने २०२४ मध्ये जॉइंट बँक खात्याला अडचण नाही आणि रेशनकार्डावर एक कुटुंब धरा असं सांगितलं. पण नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही, ह्या दोघांनी एकमेकांना वर्षात पन्नास हजारांवर दिले तर तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात, त्यावर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात एका जोडप्याने दाद मागितलीये.

मला विचाराल तर हे चुकीचं आहे. दोन माणसं संसार करतात, आईला सांभाळतात, गॅसचं बिल भरतात, त्यांचं नातं एका फाईलवर टांगलेलं असू नये. संसदेने हा कायदा करावा, आणि लवकर करावा.

तोपर्यंत काय करायचं? तुमच्या घरात, ओळखीत असं जोडपं असेल तर तीन गोष्टी सांगा. इच्छापत्र करा, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत, आणि रजिस्टर करून घ्या. दुसरं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पुन्हा सांगते, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा, मालकी वारसाला किंवा इच्छापत्रात नाव असेल त्याला. फॉर्मवर नाव टाकलं की झालं असं समजून बसू नका. तिसरं, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी माणूस गेला की संपते, त्यानंतर चालतं ते फक्त इच्छापत्र.

आणि हे सगळे कागद झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये नको. सिंकखालच्या फटीत तारेची घासणी घट्ट कोंबा, वरून सिमेंट लावा, नुसती चिंधी कोंबली तर उंदीर ती ओढून नेतो. पुढच्या गुरुवारी मुंग्यांवर बोलू. येते मंडळी, नमस्कार.