50 तासांचं प्रशिक्षण: पुण्यातल्या शिक्षकांनी वर्ष कसं आखावं?

नमस्कार शिक्षक मित्रमैत्रिणींनो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये म्हटलंय की प्रत्येक शिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला वर्षाला किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी मिळाले पाहिजेत. सीबीएसई शाळांमध्ये याचे सरळ दोन भाग आहेत. 25 तास बोर्डाचं किंवा सरकारी संस्थांचं प्रशिक्षण, उरलेले 25 शाळेत किंवा सहोदय गटात, म्हणजे परिसरातल्या सीबीएसई शाळांच्या गटात. राज्य मंडळाच्या शाळांमध्ये शिक्षण परिषद (आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची बैठक), दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स आणि एससीईआरटीची, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, प्रशिक्षणं मिळून हे तास होतात.

तास भरणं अवघड नाही. लिंक आली की जॉइन व्हायचं, व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासायच्या, प्रमाणपत्र फाइलला लावायचं. पण मार्चमध्ये वर्गात काय बदललं असं विचारलं तर उत्तर सापडत नाही. म्हणून आज आपण उलटीकडून सुरुवात करू. आधी वर्गातला एक प्रश्न पकडायचा आणि त्याच्या अवतीभवती 50 तास बसवायचे.

[पडद्यावर: 403 − 178]

तिसरी-चौथीचा वर्ग घ्या. हे गणित दिलं की बरोबर उत्तर येतं 225. चुकलेल्या वह्या गोळा केल्या की साधारण तीन उत्तरं पुन्हा पुन्हा दिसतात: 375, 325 आणि 275. आपण तिन्हीवर लाल फुली मारतो आणि शेरा लिहितो, "हातचा नीट घे". आता ही उत्तरं जवळून बघा.

375 लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, चारातून एक तीन. त्याने हातचा घेतलेलाच नाही. 325 वाल्याला शून्याचे नऊ होतात हे पाठ आहे, पण ते नऊ आले कुठून हे माहीत नाही, त्यामुळे शतकाचा चार तसाच राहिला. 275 वाल्याने शून्य ओलांडून थेट शतकाकडून एककासाठी हातचा आणला आणि दशकाच्या घरात पुन्हा उलटी वजाबाकी केली. म्हणजे तीन मुलांच्या तीन वेगळ्या समजुती आहेत. या तिघांना एकच उजळणी देऊन भागणार नाही.

तर जुलैमध्ये सहा गणितांची एक छोटी चाचणी घ्या. दोन बिनहातच्याची, दोन एका हातच्याची, दोन मध्ये शून्य असलेली. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गुण देऊ नका. चुकीच्या प्रकारानुसार कागदांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यात किती कागद आले ते लिहून ठेवा. वर्षाच्या नियोजनाचं पहिलं पान हेच. भाषेच्या शिक्षकांना हेच जोडाक्षरांच्या वाचनावर करता येईल, विज्ञानाच्या शिक्षकांना विद्युत परिपथाच्या आकृत्यांवर.

प्रश्न हातात आला की दीक्षावर काय शोधायचं ते आपोआप ठरतं. निष्ठा 3.0 या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे 12 कोर्स आहेत. वजाबाकीचा प्रश्न असेल तर त्यातला संख्याज्ञानाचा कोर्स आधी करा, बाकीचे नंतर.

दीक्षावर जे बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच बिघडलेलं असतं, त्यामुळे इथे थोडं थांबू या.

[पडद्यावर: दीक्षा ॲपचं प्रोफाइल पान]

प्रोफाइलवरचं नाव सेवापुस्तकात आहे तसंच लिहा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. "सुनीता मॅडम" असं लिहिलं असेल तर प्रमाणपत्रही सुनीता मॅडमच्या नावानेच येईल आणि पुढे वेतनश्रेणीच्या प्रस्तावात ते चालणार नाही. भूमिका "शिक्षक" निवडा, मग जिल्हा, तालुका आणि शाळा. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, 11 अंकी असतो. पुणे जिल्ह्यातला असेल तर सुरुवात 2725 ने होते, 27 महाराष्ट्राचे आणि 25 पुण्याचे. सुरुवातच वेगळी दिसली तर क्रमांक लिहिताना चूक झाली आहे.

लॉगिन एकच ठेवा. आज मोबाइल नंबरने, उद्या जीमेलने असं केलं की दोन खाती तयार होतात. अर्धा कोर्स एकात आणि अर्धा दुसऱ्यात राहतो, आणि प्रमाणपत्र कुठल्याच खात्यात येत नाही. कोर्स 100 टक्के होत नाही, ही तक्रारही नेहमीची. व्हिडिओ शेवटच्या सेकंदापर्यंत गेला नाही, पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत सरकवली नाही, तर तो घटक अपूर्णच धरला जातो. मुळशी-वेल्ह्याकडे रेंज नसते म्हणून कोर्स डाउनलोड करून पाहिला असेल तर नेट मिळाल्यावर कोर्स उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा आणि प्रगती सिंक करा. तेवढं केलं की अडकलेली टक्केवारी बऱ्याचदा पुढे सरकते.

शेवटच्या चाचणीत 70 टक्के गुण लागतात आणि निष्ठाच्या कोर्समध्ये प्रयत्न तीनच असतात. त्यामुळे "बघू तर खरं काय येतंय" म्हणून पहिला प्रयत्न वाया घालवू नका. तारखांकडेही लक्ष असू द्या. कोर्समध्ये नाव नोंदवायची शेवटची तारीख कोर्स संपायच्या तारखेआधी असते. प्रमाणपत्र लगेच दिसत नाही, काही दिवसांनी प्रोफाइलमध्ये येतं. आलं की पीडीएफ उतरवून फाइलला कोर्सचं नाव आणि महिना द्या.

आता पुण्याबद्दल. राज्यातल्या इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांना ज्या संस्थांसाठी रात्रीचा प्रवास करावा लागतो त्या तुमच्यापासून पीएमपीच्या एका तिकिटावर आहेत. एससीईआरटी सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर. आपल्या जिल्ह्याचं डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, लोणी काळभोरला. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. तिची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आपल्या इयत्तेच्या मागचं आणि पुढचं अशी दोन पुस्तकं मोबाइलमध्ये ठेवाच. चौथीत अडलेलं मूल दुसरीत कुठे थांबलं होतं ते त्यातून कळतं.

विज्ञान शिकवणाऱ्यांना मात्र पुण्याइतकं क्वचितच कुठे मिळत असेल. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचं काम बरीच वर्षं इथून केलं. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं मोफत आहेत, मराठीतही. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था, तिथलं विज्ञान उपक्रम केंद्र शिक्षकांच्या कार्यशाळा घेतं. या कार्यशाळांत प्रयोग शिक्षक स्वतःच्या हाताने करतात, म्हणून त्यांची किंमत दहा वेबिनारपेक्षा जास्त आहे असं आमचं स्पष्ट मत. जागा मोजक्या असतात, त्यामुळे संस्थेच्या संकेतस्थळावर अधूनमधून स्वतः नजर टाका, ग्रुपवर फॉरवर्ड येईपर्यंत थांबू नका. गणिताच्या ऑलिम्पियाडकडे मुलांना न्यायचं असेल तर एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, आणि मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र.

बाहेरच्या कार्यशाळेला जायचं तर परवानगी आधी घ्या. कार्यशाळेचं पत्रक जोडून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाऊ द्या, महापालिकेच्या शाळेतून शिक्षण विभागापर्यंत. आदेश हातात नसताना गेलात तर तो दिवस किरकोळ रजेत जाण्याची शक्यता मोठी. परतल्यावर उपस्थितीचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात जमा करा.

पैसा आणि प्रवास न लागणारं, तरीही सगळ्यात कमी वापरलं जाणारं प्रशिक्षण शेजारच्या वर्गात आहे. एका सहकाऱ्याला वीस मिनिटं मागच्या बाकावर बसायला सांगा आणि बघायला एकच गोष्ट द्या. उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यानंतर तुम्ही किती वेळ थांबता? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

सहकाऱ्याने कागदावर बाकांचा नकाशा काढायचा, ज्या मुलाने उत्तर दिलं त्याच्या चौकटीत रेघ मारायची आणि थांबल्याचे सेकंद मनातल्या मनात मोजून बाजूला लिहायचे. तास संपल्यावर नकाशा बघा. बऱ्याचदा सगळ्या रेघा पुढच्या दोन बाकांवर आणि मधल्या रांगेत सापडतील. निरीक्षण करणाऱ्याने शेरे मारायचे नाहीत, कागद हातात द्यायचा आणि निघायचं. "बाई, छान झाला तास" हे ऐकून बरं वाटतं, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या वर्गात बसा.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतही असंच काही मागता येतं. केंद्रप्रमुखांना आधी फोन करून अर्धा तास मागा आणि चुकलेल्या वजाबाकीचे ते गठ्ठे, मुलांची नावं झाकून, टेबलावर मांडा. दहा शाळांचे शिक्षक एकाच चुकीकडे बघत बसले की सूचनांच्या वाचनापेक्षा कितीतरी जास्त निघतं.

आता परत त्या वर्गाकडे. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला खेळातल्या शंभराच्या 5, दहाच्या 20 आणि एकच्या 20 नोटा द्या. 403 रुपये मांडायला सांगा, म्हणजे चार शंभराच्या आणि तीन एकच्या. त्यातून 178 द्यायचे आहेत. एकच्या आठ नोटा नाहीत, दहाची एकही नाही. मग शंभराची एक मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतात, आणि त्यातली एक मोडून एकच्या दहा. समोर उरतं काय? शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, एकच्या तेरा. तो नऊ कुठून आला हे 325 लिहिणाऱ्या मुलाला इथे दिसतं. आठवडाभर नोटा आणि लेखी मांडणी शेजारी-शेजारी चालू द्या. नोटा दोनच दिवसांत काढून घेतल्या की मुलं पुन्हा जुन्या पद्धतीवर जातात.

तीन आठवड्यांनी त्याच प्रकारची सहा गणितं द्या, संख्या मात्र नव्या. जुन्याच संख्या दिल्या तर उत्तरं आठवणीतून येतील आणि सुधारणा खोटी दिसेल.

हे झालं की तुमच्या हातात कृती संशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या प्रश्नावर उपाय करून तपासलेलं काम, तयार आहे. एससीईआरटीच्या नवोपक्रम स्पर्धेलाही ते पाठवता येतं. तिथे "गणिताची गोडी निर्माण करणे" असे विषय मागे पडतात, कारण गोडी मोजायची कशी? "मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीतल्या चुका कमी करणे" हा विषय मोजता येतो. अहवालात आधीचे गठ्ठे, काय केलं, नंतरचे गठ्ठे, आणि ज्या मुलांना फरक पडला नाही त्यांच्याबद्दल एक परिच्छेद हवाच. फोटो हार-तुऱ्यांचे नकोत, मुलांच्या वहीच्या पानांचे हवेत.

शेवटी वरिष्ठ आणि निवड श्रेणी, म्हणजे ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणी, कारण प्रश्न सगळ्यात जास्त यावर येतात. वरिष्ठ वेतनश्रेणी 12 वर्षांच्या अर्हताकारी (यासाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर, निवडश्रेणी 24 वर्षांनंतर. प्रशिक्षण एससीईआरटीतर्फे होतं आणि मागच्या नोंदण्यांमध्ये शुल्क 2000 रुपये होतं. नोंदणीत चुका दोन ठिकाणी होतात: वरिष्ठऐवजी निवड टिचकली जाते, किंवा प्राथमिक-माध्यमिक असा गट चुकतो. ई-मेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, सगळे संदेश त्यावरच येतात. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून श्रेणी आपोआप लागत नाही. शाळेकडून प्रस्ताव जावा लागतो, त्यात सेवापुस्तकाच्या नोंदी, वैयक्तिक मान्यतेचा आदेश आणि गोपनीय अहवाल लागतात. ही कागदं नोंदणी सुरू व्हायच्या आधीच तपासून घ्या. नावात किंवा जन्मतारखेत फरक निघाला तर दुरुस्तीला प्रशिक्षणापेक्षा जास्त वेळ जातो.

[पडद्यावर: पाच रकान्यांचा तक्ता — तारीख, कार्यक्रम, तास, पुरावा, वर्गात काय वापरलं]

हा तक्ता वहीच्या एका पानावर आखून घ्या. पहिले चार रकाने कार्यालयाला लागतात. पाचवा दोन आठवडे रिकामा राहिला तर त्या प्रकारचा पुढचा कोर्स घेऊ नका, तेवढे तास शेजारच्या वर्गात बसा.