घर जाळायचंय, पण आधी उतरवायचं

कापलेल्या मक्याच्या शेतात एकटं उभं असलेलं हे घर दिसतंय ना, ते आज दुपारपर्यंत नसणार आहे. अमेरिकेतलं आयोवा राज्य. मालक आजोबा शेतकरी, नवं घर पलीकडेच बांधलंय, आणि हे जुनं असंच पडून, छप्पर गळतंय, माळ्यावर रॅकूनचं, म्हणजे मांजरापेक्षा थोड्या मोठ्या जंगली प्राण्याचं, बिऱ्हाड.

आता आपल्याला वाटतं जमीन आपली, घर आपलं, लावली काडी तर विचारणार कोण. पण तसं चालत नाही. शेतकऱ्याला कायद्याने एक वाट ठेवलीय, ती अशी की कोठार, यंत्रांची शेड, गुरांचा गोठा, इतकंच काय शेतीशी जोडलेलं राहतं घरसुद्धा जागच्या जागी जाळता येतं, पण गावच्या फायर चीफला आधी विचारायचं, हवा बघायची, आणि केमिकल, डांबरी शिंगल्स (छपरावर कौलांसारखे बसवलेले डांबरी तुकडे), ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकामात वापरलेला, फुप्फुसांना घातक तंतू) सगळं आधी बाहेर काढायचं. पेटवायला टायर वापरायचे नाहीत हे नियमात वेगळं लिहिलंय. म्हणजे वापरत असणार कोणीतरी!

आजोबांनी दुसरी वाट धरली, घर फायरवाल्यांना सरावाला देऊन टाकलं. तिथे राज्याच्या पर्यावरण खात्याला कामाचे १० दिवस आधी कळवावं लागतं. ॲस्बेस्टॉस इथेही काढायचंच.

हे शूट आठवड्यापूर्वीचं. चपट्या फावड्याने शिंगल्स उचकटतायत, एकेक थर, खाली अजून एक थर, त्याच्या खाली अजून एक. आपल्याकडे जुनं घर मोडताना कौलं उतरवून नीट रचून ठेवतात, परत लागतील म्हणून. इथे उतरवतात ती धुरात जाऊ नयेत म्हणून, आणि थेट कचऱ्याच्या डब्यात, डबा म्हणजे आपल्या ट्रकएवढा.

आणि ही स्वयंपाकघरातली टाइल बघा, नऊ बाय नऊ इंच. जुन्या घरात ही साइज दिसली की जाणकार माणूस आधी ॲस्बेस्टॉसचाच संशय घेतो. तुकडा लॅबला गेला, संशय खरा निघाला, मग काढायला खास माणसं आली. खर्च आजोबांचा. ते म्हणाले, घर बांधताना वडिलांना इतका त्रास झाला नसेल.

आज सकाळी सात. ही सगळी स्वयंसेवक मंडळी, तो उंच आहे ना तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, ती पिवळ्या हेल्मेटवाली शाळेची बस चालवते. शेतात नळ कुठून येणार, म्हणून हा कापडी हौद, खाटेसारखा उलगडतो, टँकर येऊन त्यात पाणी ओततो आणि पंप त्यातूनच खेचतो. आत लाकडी पॅलेट आणि गवत, पेट्रोल-बिट्रोल काही नाही. एका वेळी एकाच खोलीत आग, पाच शिकणाऱ्यांमागे एक शिकवणारा, आणि पेटवायच्या आधी सगळ्यांना घरभर फिरवून जिना कुठे, बाहेर पडायचं कुठून ते दाखवतात. तीच खोली पेटवली, विझवली, परत पेटवली, असं चार वेळा चाललं.

ही शिस्त उगाच आलेली नाही. १९८२ साली कोलोरॅडोत बोल्डरला अशाच सरावात दोघं गेले, मग १९८६ मध्ये अशा सरावासाठी एनएफपीए १४०३ हे स्टँडर्ड आलं, एनएफपीए म्हणजे आगीपासून सुरक्षेचे नियम बनवणारी तिथली संस्था. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात जखमीचं सोंग घेऊन आत थांबलेला १९ वर्षांचा नवा स्वयंसेवक गेला, असिस्टंट चीफ कोर्टात दोषी ठरला.

आता शेवटची आग. ही विझवायची नाही.

(इथे निवेदन नाही, फक्त आवाज. आजोबा पाठमोरे.)

धूर पूर्वेला गेला, तिकडे घरं लांब आहेत. राखेचं आणि तळघराच्या खड्ड्याचं पुढे काय होतं ते आम्ही शूट केलेलं नाही.

हे दुसऱ्या दिवशीचं. आजोबा चाकांवरचं चुंबक ओढत फिरतायत. ट्रॅक्टरचा टायर महाग असतो, म्हणाले. ही बघा, पहिल्याच फेरीत निघालेली खिळ्यांची बादली.