गप्प येणारा ट्रक

(दृश्य: पहाटेचे साडेचार. नऱ्हे, पुणे. मुंबई–बंगळूर महामार्गाचा उतार. अंधार, हेडलाइटचे ठिपके.)

नीट ऐका. हा जो गुरगुराट जवळ येतोय, तो गेअरमध्ये उतरणारा ट्रक. त्याचं इंजिनच त्याला मागं ओढून धरतंय. आता हा दुसरा. याच्या इंजिनाचा आवाजच नाही. नुसता टायरांचा सळसळाट आणि फाळक्याच्या साखळीची खणखण. हा न्यूट्रलवर आहे.

हा फरक मला इथल्या पंक्चरवाल्या काकांनी शिकवला. त्यांची अर्धी हयात या उताराच्या कडेला गेली. ते म्हणाले, "आवाज करत आला की भीती नाही वाटत, दादा. गप्प आला की मी पोराला आत ओढतो." याच उतारावरून मला आज बिनचालकाच्या गाड्यांविषयी बोलायचंय.

कात्रजचा नवा बोगदा मागं पडला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. साताऱ्याकडून रात्रभर गाडी हाकत आलेला चालक इथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो. कुणी कुणी तर इंजिनच बंद करतो. २० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. एक ट्रक या उतारावरून खाली आला आणि समोरच्या गाड्यांवर आदळत गेला. पोलिसांच्या मोजणीत २४ गाड्या, अग्निशमन दलाच्या मोजणीत ४८. सगळीकडं लगेच एकच शब्द फिरला: ब्रेक फेल. प्राथमिक तपासात निघालं भलतंच. चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं.

(दृश्य: गॅरेज. ट्रकचं चाक उतरवलेलं, ब्रेकचा ड्रम जवळून. ड्रमवर घासणाऱ्या लायनरचा चकाकणारा, करपलेला पृष्ठभाग.)

ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर चालतो इंजिनावर. इंजिन बंद म्हणजे टाकीत नवी हवा येणं बंद. चालक पायाखालचा ब्रेक दाबत राहतो, दर वेळी थोडी हवा खर्च होते. गेअरची पकड नाही, त्यामुळे वीस-तीस टनांचा सगळा भार एकट्या ड्रमवर. ड्रम तापतो, त्यावर घासणारा लायनर करपतो आणि एका क्षणी पाय तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. याला आपण ब्रेक फेल म्हणतो. ब्रेक बिचारा शेवटपर्यंत राबलेला असतो.

आणि डिझेल? इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन गेअरमध्ये उतार उतरत असताना, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल घेतच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं घेतं. म्हणजे आजकालच्या ट्रकमध्ये न्यूट्रल केल्यानं डिझेल वाचत नाही, उलट थोडं जास्तच लागतं. हे या रस्त्यावरच्या किती चालकांना कुणी समजावून सांगितलंय? बऱ्याच ठिकाणी मालक खेपेला मोजून डिझेल देतो, उरलं ते चालकाचं. त्या चार-सहा लिटरच्या आशेवर हा सगळा खेळ चाललाय.

मी त्या चालकाला नुसता नालायक म्हणून मोकळा होऊ शकत नाही, कारण माझा स्वतःचा परवाना मला आठवतो. एका एजंटाकडं पैसे दिले होते. परीक्षेच्या दिवशी मोटार ट्रेनिंगच्या गाडीत बसलो. शेजारच्या सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक, दुसरा क्लच. गाडी पन्नासेक मीटर पुढं गेली असेल. "झालं, उतरा." पावसात चालवणं, रात्री चालवणं, घाट उतरणं, यातलं काहीही कुणी विचारलं नाही. त्याच कार्डाच्या जोरावर महिनाभरात मी खंडाळ्याचा घाट उतरलो. शेजारी आई बसली होती. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

सगळीकडं असं नाही, हेही सांगतो. भोसरीच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढावा लागतो, गाडी उलटी घ्यावी लागते, चढावर थांबवून पुन्हा उचलावी लागते. तिथं नापास होणारे लोक चिडतात. मला त्या चिडण्यात आशा दिसते. पण देशाचं चित्र काय, ते केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच २०१९ मध्ये संसदेत सांगितलं होतं: देशातले ३० टक्के वाहन परवाने बोगस आहेत. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक.

(दृश्य: फिनिक्स, अॅरिझोना. रुंद रस्ता, कोरडं ऊन. स्टिअरिंग आपोआप वळतंय, सीट रिकामी.)

अमेरिकेतल्या या शहरात ऑक्टोबर २०२० पासून सामान्य माणूस बिनचालकाची टॅक्सी बोलावतो. कंपनी वेमो. गाडीवर कॅमेरे, रडार आणि लेझरनं अंतर मोजणारं लायडार. तिच्या कौतुकापेक्षा तिची एक चूक मला जास्त सांगावीशी वाटते.

११ डिसेंबर २०२३. फिनिक्समध्ये एक टो करणारी गाडी एका पिकअपला उलटं, तिरकं ओढत नेत होती. वेमोच्या गाडीला ते काय चाललंय हे उमगलं नाही. ही पिकअप कुठं वळेल याचा तिचा अंदाज चुकला आणि ती जाऊन धडकली. काही मिनिटांत वेमोचीच दुसरी गाडी आली आणि त्याच पिकअपला धडकली. कुणाला इजा झाली नाही. पण बघा, एकच चूक दोनदा, कारण दोघींचा मेंदू एकच. मग कंपनीनं प्रोग्राम दुरुस्त केला आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत तो सगळ्या, म्हणजे ४४४ गाड्यांमध्ये भरला. ज्या गाडीनं ती पिकअप कधी पाहिलीही नव्हती, तीसुद्धा शहाणी झाली.

आमच्या उतारावर २०२२ मध्ये एक ट्रक आपटला. त्यातून दुसऱ्या दिवशी आलेला चालक काय शिकला? काहीच नाही. तो कदाचित पहिल्यांदाच हा रस्ता पाहत होता. इथं प्रत्येकाला आपापला उतार नव्यानं शिकावा लागतो, आणि शिकण्याची किंमत पुढच्या स्कूटरवरचं कुटुंब मोजतं. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

वेमोच्या ४ कोटी किलोमीटरच्या प्रवासाचा अभ्यास स्विस री या विमा क्षेत्रातल्या कंपनीनं वेमोबरोबर २०२४ मध्ये केला. माणसं चालवतात त्या गाड्यांच्या तुलनेत इजेचे विमा दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. अभ्यासात वेमो स्वतः सामील होती आणि ते रस्ते शिस्तीचे होते, हे धरूनच हा आकडा वाचायचा. तरी तो हलका नाही.

यंत्रानं माणूस मारल्याचंही उदाहरण आहे. मार्च २०१८, फिनिक्सजवळचं टेंपी. उबरच्या चाचणीतल्या गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. त्या गेल्या. गाडीच्या यंत्रणेला काहीतरी समोर असल्याचं साडेपाच सेकंद आधीच दिसलं होतं, पण ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे तिला ठरवता येईना. आत देखरेखीला बसवलेल्या माणसाची नजर मोबाइलवर होती. ही सगळी माहिती चौकशीतून सेकंदासेकंदानं बाहेर आली, जाहीर झाली. आपल्याकडं अपघाताची अशी चिरफाड कितीदा होते?

(दृश्य: खेड शिवापूर. ढाब्यावरच्या बाजा, झोपलेले चालक, उशाला चपला.)

गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात ठामपणे सांगितलं की बिनचालकाच्या गाड्या ते देशात येऊ देणार नाहीत, कारण चालकांच्या नोकऱ्या जातील. ही काळजी खरी आहे. या बाजांवर झोपलेल्या माणसांकडं बघून ती मलाही वाटते. पण दोन रात्री न झोपता गाडी हाकायला लावणं म्हणजे त्यांची नोकरी वाचवणं नव्हे.

उद्या लक्ष्मी रोडवर बिनचालकाची गाडी सोडा, असं मी म्हणत नाही. भोपाळमध्ये ‘स्वायत्त रोबोट्स’ या कंपनीचे लोक आपल्याकडच्या बेशिस्त वर्दळीतच बोलेरो चालवून बघतायत, त्यांना वेळ द्या. घाटाचा एक टप्पा, मध्यरात्रीची वेळ, आत तयारीचा माणूस, आणि प्रत्येक चुकीची नोंद सगळ्यांना खुली. यंत्राची परीक्षा कडक घ्या, माझी घेतली नाही तितकी कडक. आणि तोवर निदान एवढं करा: आजकालच्या ट्रकला उतार कळू शकतो, वेग कळतो. त्यानंच उतारावर न्यूट्रल पडू देऊ नये.

(दृश्य: पुन्हा नऱ्हे. उजाडतंय. काका टायरमध्ये हवा भरतायत, नातू पायरीवर दूध पितोय.)

गुरगुराट. एक ट्रक गेला. दुसरा गेला.

आता तिसरा. काकांनी हातातली नळी खाली ठेवली आणि पोराचा दंड धरला.