महागाई हवी म्हणून मत देणारे लोक

नमस्कार मंडळी. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडे दोनच प्रश्न असतात, कोण येणार आणि एच-वन-बी व्हिसाचं काय होणार. ठीकच आहे, ज्यांची पोरं न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात आहेत त्यांना ते विचारावंच लागतं. पण आज मला जरा मागचं सांगायचंय, म्हणजे तिथले लोक इतकी वर्षं नेमके कशावरून भांडत मतदान करत आलेत ते, आणि माझं त्यातलं मत आधीच सांगून टाकते. गुलामगिरीचा प्रश्न सोडला तर बहुतेक वेळा वरून मुद्दा काही का दिसेना, बँक म्हणा, टॅरिफ म्हणजे आयातीवरची जकात म्हणा, सोनं-चांदी म्हणा, आतून भांडण एकच असतं की पैसा स्वस्त असावा की महाग, आणि तुम्ही कर्जदार आहात की सावकार यावर तुमचं उत्तर ठरतं.

गुलामगिरी सोडली असं म्हणाले खरं, पण ती सोडून पुढं जाता येत नाही. १८६० साली अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती. लिंकन तेव्हा असंही म्हणत नव्हता की दक्षिणेतली गुलामगिरी उद्याच बंद करतो, त्याच्या पक्षाचं म्हणणं एवढंच की पश्चिमेकडे जे नवे प्रदेश वसतायत तिथं ती पसरू द्यायची नाही. तेवढ्यावर देश फुटला. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती, देशभरात त्याला ४० टक्क्यांहून जरा कमी मतं पडली, तरी चार उमेदवारांच्या भानगडीत तो निवडून आला आणि शपथविधीच्या आधीच सात राज्यं बाहेर पडली.

आता याचा आपल्याशी काय संबंध, तर थेट आहे. यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मग सगळे धावले मुंबईकडे. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत प्रेमचंद रायचंदच्या शेअरबाजारी काळात बॅक बेमध्ये भराव घालायच्या कंपन्यांचे शेअर्स लोकांनी वेड्यासारखे घेतले, आणि एप्रिल १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचा जनरल ली शरण आला, युद्ध संपलं, तसा इकडे सगळा फुगा फुटला. चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी अडकला तो अडकलाच. वर सारावाढ. १८७५ च्या मे महिन्यात बारामतीजवळच्या सुप्यात लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जखतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत शिकतो तेच हे.

ही सुप्याची गोष्ट डोक्यात ठेवा, कारण वीस वर्षांनी कॅन्सस आणि नेब्रास्कातला शेतकरी याच जागी उभा होता, फक्त त्यानं रोखे जाळले नाहीत, त्यानं अध्यक्षपदाचा उमेदवार उभा केला.

मधलं पटकन सांगते. १८३२ ला अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन विरुद्ध बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स, म्हणजे सरकारी सनदेवर चालणारी देशातली मोठी बँक, अशी लढत झाली, म्हणजे समोर उमेदवार हेन्री क्ले होता पण खरा सामना बँकेशी. क्लेला वाटलं हा मुद्दा आपल्याला तारेल, म्हणून बँकेच्या सनदेची मुदत संपायला चार वर्षं असताना त्यानं विषय आत्ताच काढायला लावला, जॅक्सननं व्हेटो मारला आणि सहज जिंकला. नंतर टॅरिफ. त्या काळात इन्कम टॅक्स नव्हता, तो कायमचा आला १९१३ ला, त्यामुळे सरकारची तिजोरी भरायची ती मुख्यतः आयातीवरच्या जकातीतून, आणि १८८८ ची सगळी निवडणूक त्याच्यावर झाली. अध्यक्ष क्लीव्हलँडला लोकांची मतं जास्त पडली, पण राज्याराज्यांतून मोजली जाणारी इलेक्टोरल मतं जास्त मिळाल्यानं हॅरिसन अध्यक्ष झाला. मला वाटायचं हा विषय फक्त परीक्षेपुरता उरलाय, पण ट्रम्पनं तो परत पहिल्या पानावर आणला, त्यामुळे आता हसता येत नाही.

तर १८९६. मला विचाराल तर अमेरिकेतली सगळ्यात मजेशीर निवडणूक हीच, कारण त्यात लाखो लोकांनी महागाई व्हावी म्हणून मत दिलं. हो, बरोबर ऐकलंत. समजा शेतकऱ्यानं हजार डॉलर कर्ज काढलं तेव्हा गव्हाचा भाव एका बुशेलला (हे तिकडचं धान्याचं माप) एक डॉलर होता, म्हणजे हजार बुशेल विकले की मुद्दल फिटलं. भाव पडत पडत पन्नास सेंटवर आला की त्याच कर्जापायी दोन हजार बुशेल घालावे लागतात. कागदावर कर्ज तेवढंच, शेतात दुप्पट. आणि भाव पडायचं एक मोठं कारण असं धरलं जायचं की चलन सोन्याला बांधलेलं, सोनं पुरेसं नाही, १८७३ च्या कायद्यानं चांदीचं नाणं मागे पडलेलं. मग मागणी आली की कुणीही चांदी आणावी आणि सरकारनं १६ भार चांदी बरोबर १ भार सोनं या हिशेबानं तिचे डॉलर पाडून द्यावेत. बाजारात तेव्हा प्रमाण तीसाला एकच्या आसपास होतं, म्हणजे सरळ सरळ पैसा स्वस्त करा हीच मागणी.

आणि चांदी इतकी कोसळली कशी, त्यात मुंबईचाही हात आहे. फोर्टात टाऊन हॉलजवळची आपली टांकसाळ माहितीय ना, तिथं १८९३ पर्यंत कुणीही चांदी नेऊन द्यायचा आणि रुपये पाडून घ्यायचा. रुपया चांदीचा, इंग्रजांचा पौंड सोन्याचा, चांदी पडली की रुपया पडायचा आणि सरकारला विलायतेत पौंडात भरायचे पैसे दर वर्षी महाग पडायचे. म्हणून २६ जून १८९३ ला मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. चांदीचं एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं म्हटल्यावर भाव दणकन आपटला, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या चांदीच्या खाणी बंद पडायला लागल्या, आणि ३० जूनला तोवर पुन्हा अध्यक्ष झालेल्या क्लीव्हलँडनं काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, खास अधिवेशन बोलावलं. अमेरिकेत मंदी आधीच सुरू झाली होती, तिच्यात ही भर. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला जो प्रबंध लिहिला तो या रुपयाच्याच प्रश्नावर, टांकसाळ बंद करण्याचं हे प्रकरण त्यात सविस्तर आहे.

जुलै १८९६, शिकागो, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, वय ३६, नेब्रास्काचा वकील. माइक नाही, हॉल अवाढव्य, आणि हा माणूस शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा बोलला. शेवटी म्हणाला की मानवजातीला तुम्ही सोन्याच्या क्रुसावर चढवू शकणार नाही, आणि दोन्ही हात पसरून क्षणभर तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उमेदवारी त्याची. मग रेल्वेनं १८ हजार मैल फिरला, शेकडो भाषणं दिली.

समोर रिपब्लिकन मॅकिन्ली, आणि तो कुठं गेलाच नाही! ओहायोतल्या कँटनला आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिला आणि लोक त्याच्याकडे आणले गेले. रेल्वे कंपन्यांनी तिकीट इतकं स्वस्त केलं की लोक गंमतीनं म्हणायचे घरी बसण्यापेक्षा कँटनला जाणं परवडतं. शिष्टमंडळ येणार, त्यांचा पुढारी काय बोलणार हे मॅकिन्लीनं आधीच तपासलेलं असणार, मग बँड, भाषण, हस्तांदोलन, पुढचे या. सुमारे साडेसात लाख लोक येऊन गेले, अंगणातलं गवत गेलं, कुंपणाच्या फळ्या लोकांनी आठवण म्हणून उपटून नेल्या. मागे त्याचा प्रचार चालवणाऱ्या मार्क हॅनानं उद्योगपतींकडून ३५ लाख डॉलरच्या घरात पैसा उभा केलेला, तेव्हाचे ३५ लाख. आणि प्रचार शहरी कामगारापुढं एकच, ब्रायन आला तर तुझ्या पगाराचा डॉलर पन्नास सेंटचा होईल. कामगाराकडे विकायला गहू नव्हता, त्याला पाव विकत घ्यायचा होता. तो मॅकिन्लीकडे गेला. इलेक्टोरल मतं २७१ विरुद्ध १७६, मॅकिन्ली जिंकला.

पुढं काय झालं ते ऐका, कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं यायला लागलं, दक्षिण आफ्रिकेतून येत होतंच, सायनाइड वापरून हलक्या खनिजातूनही सोनं निघायला लागलं आणि चलन वाढलं, भाव वर गेले. ब्रायन हरला आणि त्याला हवी होती ती महागाई सोन्यानंच आणली. बिचारा १९०० ला हरला, १९०८ ला पण हरला.

आता उलटं बघा. १९८० ला महागाई १३ टक्क्यांच्या वर, इराणमध्ये ५२ अमेरिकन ओलीस, आणि रेगननं मतदानाच्या आठवडाभर आधीच्या डिबेटमध्ये लोकांना विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का. अध्यक्ष कार्टर संपला. गंमत म्हणजे महागाई मोडणारा पॉल व्होल्कर, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा (फेडचा) प्रमुख, हा कार्टरनंच नेमलेला, त्यानं व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले, घरं बांधणाऱ्यांनी त्याला पोस्टानं लाकडाचे तुकडे पाठवले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला त्याच्या दारात आले. म्हणजे पुन्हा कर्जदार शेतकरीच. व्होल्करनं महागाई मोडली, श्रेय रेगनला.

आणि २०२४. जून २०२२ ला महागाईचा दर ९.१ टक्के होता, मतदानापर्यंत तो तीनच्या खाली आलेला, अर्थतज्ज्ञ म्हणत होते आता काय प्रॉब्लेम आहे. अहो दर खाली आला, भाव कुठं खाली आले? बायडनच्या काळात एकूण सुमारे २० टक्के वर गेलेलं सगळं वरच राहिलं, अंडी घ्यायला गेलेला माणूस टक्केवारीचा तक्ता घेऊन जात नाही. त्यातही एक भाग मला अजून विचित्र वाटतो. ज्यांनी स्वस्त असताना तीन टक्क्यानं तीस वर्षांचं घरकर्ज घेतलं होतं त्यांचं कर्ज या महागाईनं खरंतर हलकंच केलं, ब्रायनच्या शेतकऱ्याला जे हवं होतं ते यांना आयतं मिळालं, आणि तरी तेही चिडलेलेच होते, कारण हप्ता बँकेतून आपोआप जातो आणि अंडी रोज दिसतात.