लाल वहीतले अल्बम

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड, सकाळ. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या. सौद्याची गलबल.)

हळदीच्या हंगामात या गल्लीत माणूस शिरतो पांढऱ्या सदऱ्यात आणि बाहेर पडतो पिवळ्या. माझे मामा इथल्या एका अडत दुकानात 38 वर्षं दिवाणजी होते. कीर्द, खतावणी, सगळं त्यांच्या हातचं. मग कॉम्प्युटर आला, हिशेबाच्या पट्ट्या छापून निघायला लागल्या आणि मामा घरी बसले. वही लिहायची सवय मात्र सुटली नाही. वहीतला माल तेवढा बदलला.

(दृश्य: लाल कापडी बांधणीची वही. पहिलं पान उघडतं.)

वर श्री. त्याखाली कुंकवाचं बोट. मग चार रकाने: तारीख, तपशील, किती वेळा, शेरा. तपशिलात अल्बमचं नाव, कोण गायलं, कोणी वाजवलं. 'किती वेळा' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळा ऐकला. मधूनच ऐकलेलं धरत नाहीत. "एक गाणं ऐकून अल्बम आवडला म्हणायचं, म्हणजे पोत्यात नमुना काढायची पारखी न घालताच भाव फोडल्यासारखं झालं," असं मामांचं म्हणणं.

मामांचं वर्ष जानेवारीत उघडत नाही आणि मार्चलाही संपत नाही. लक्ष्मीपूजनाला जुना हिशेब मिटतो, पाडव्याला नवा सुरू होतो. बाकीचे लोक आपापले वर्षाचे आवडते अल्बम डिसेंबरात सांगतात. मामांची यादी फराळाच्या ताटाबरोबरच बाहेर येते.

पाडव्याची बोहनी ठरलेली. उस्ताद अब्दुल करीम खाँ, झिंझोटी रागातली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरची जेमतेम तीन मिनिटं. गदगच्या एका शाळकरी पोरानं ही तबकडी ऐकली आणि गुरू शोधायला घर सोडलं. तेच पुढचे भीमसेन जोशी. खाँसाहेब राहिले मिरजेत, 1937 साली गेले, त्यांची कबरही तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. आमच्या घरापासून पाऊण तासाच्या आत. मामा सायकलवर जायचे तेव्हाचा हिशेब आहे हा.

(दृश्य: आयर्विन पूल. खाली कृष्णा, पाणी कमी.)

हे पाणी आता शहाण्यासारखं दिसतंय. ऑगस्ट 2019 मध्ये याच पुलाजवळ पातळी 57 फुटांच्या वर गेली. इथली धोक्याची खूण आहे 45 फुटांवर. गावभागातल्या आमच्या घरात माळ्याच्या खाली जे जे होतं ते पाच-सहा दिवस पाण्यात राहिलं. त्यात मामांचं कॅसेटचं कपाट होतं.

(दृश्य: तळहातावर एक कॅसेट, जवळून.)

ही एक त्यांनी ठेवली आहे. खिडकीच्या आत, रिळाच्या कडेला बघा, बारीक तपकिरी रेघ. नदीचा गाळ. लेबलवरची शाई पसरून जांभळा ढग झालाय, त्यात कोण गात होतं ते आता वाचता येत नाही. मामांनी ती फेकली नाही, आणि दुरुस्तही करायला दिली नाही.

वह्या पाण्यातून वाचल्या, कारण त्या अडत दुकानातल्या माळ्यावर होत्या. म्हणजे गाणी गेली आणि गाण्यांचा हिशेब राहिला. वही उघडायची, ओळ वाचायची आणि ते गाणं पुन्हा शोधायचं, असा उद्योग सुरू झाला. त्यासाठी मी फोनवर एक ॲप घालून दिलं. फुकटातलं. त्यानं गाणी वाटेल त्या क्रमानं लावली आणि भैरवी संपते न संपते तोच बनियनची जाहिरात. मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी पैसे भरले. मामांनी ती रक्कम वहीच्या मागच्या पानावर नोंदवून ठेवली. माझ्या खाती जमा. दर दिवाळीला ओवाळणीच्या वर तेवढे पैसे मोजून देतात. नको म्हटलं तर, "खातं उघडं राहतंय गं."

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. घोडीवर कानस फिरते. तार छेडली जाते.)

शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यांत वरचा शेरा एकच: 'जवारी लागली.' त्याचा अर्थ कळायला मिरजेच्या या गल्लीत यावं लागतं. तंबोऱ्याची तार घोडीच्या, म्हणजे तारांखालच्या पट्टीच्या, सपाट दिसणाऱ्या पाठीवरून जाते. ती पाठ खरं तर किंचित उतरती असते. तार तिला नुसती घासत राहिली पाहिजे. कारागीर कानस मारतो, तार लावून ऐकतो, परत उतरवतो, परत कानस. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो. केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. एका जागी तो बसतो आणि बंद आवाज उघडतो, आतून भुणभुणायला लागतो. हीच जवारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नक्की कशासाठी, हे या दोऱ्याकडे बघून समजतं.

(दृश्य: वही. दिवाळी 2022 ते दिवाळी 2023 ची पानं.)

आता या पानांवरचं वर्ष. डिसेंबरच्या शेवटी 'वेड' सिनेमा आला, अजय-अतुलचं संगीत. 'दोन वेळा. वरातीत बरा.' एवढंच. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो, आणि मी तसं सांगितलंही. मामांनी पान उलटलं.

एप्रिलमध्ये 'महाराष्ट्र शाहीर', शाहीर साबळ्यांवरचा सिनेमा. संगीत पुन्हा अजय-अतुलचंच, पण इथं मामा सैलावले. शाहीर साबळे म्हणजे शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, वाईजवळच्या पसरणीचे, आणि ते त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्याच फेब्रुवारीत 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं होतं, तेही साबळ्यांच्याच आवाजानं घराघरांत पोचलेलं. 'बहरला हा मधुमास'वर तर अख्खा महाराष्ट्र मोबाईलसमोर नाचला. मामांच्या गल्लीतही. त्यांची नोंद: 'चार वेळा. लोकांनी एकच दाणा उचलला.'

अरूज आफताब, विजय अय्यर आणि शहजाद इस्माईली यांचा 'लव्ह इन एक्झाइल' मीच ऐकवला. पियानो, बास, उर्दू शब्द, ताल धरायला ड्रम नाहीत, आणि तासाच्या वर लांबी. मामांना दोनदा झोप लागली. दोन्ही वेळा त्यांनी रकान्यात शून्य लिहिलं. तिसऱ्यांदा पुरता ऐकला, पहाटे, दूध यायच्या आधी. शेरा: 'हा रात्रीचा नाही.'

ऑक्टोबरात अनुष्का शंकर यांचा 'चॅप्टर वन'. त्यात चारच तुकडे. मामांनी फोन उलटा करून बघितला, जणू बाकीचे मागे असतील. "हा अल्बम नव्हं, नमुना आहे. माल आला की लिहू." ही वहीतली एकमेव पेन्सिलची नोंद.

जूनमध्ये 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट'. 1977 नंतर 'शक्ती'च्या नावानं स्टुडिओत केलेला पहिलाच अल्बम. जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन त्या काळापासूनचे, आता गायला शंकर महादेवन. 'सात वेळा. जोरदार.' मला वाटलं, हाच पहिला येणार.

नाही. पहिला आला मे महिन्यातला 'ॲज वी स्पीक'. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बेस, राकेश चौरसियांची बासरी, आणि झाकीर. मी कारण विचारलं तेव्हा मामांनी हातातली भडंगाची वाटी खाली ठेवली. "शक्तीत झाकीर बोलतोय. हितं ऐकायलाय. तो खर्जातला मोठा वाजवणारा थांबला की तबलाबी श्वास घेतोय बघ." मी पुन्हा ऐकलं. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं हेडफोन काढून त्यांच्या जुन्या स्पीकरवर पटलं. वहीत लिहिलंय: 'अकरा वेळा. जवारी लागली.'

ही यादी 12 नोव्हेंबर 2023 ला मिटली. पुढं फेब्रुवारीत हे दोन्ही अल्बम ग्रॅमी घेऊन आले, झाकीरना एका रात्रीत तीन मिळाले. मामांनी पेपर घडी घालून वहीशेजारी ठेवला. म्हणाले काहीच नाहीत, पण त्या दिवशी आल्यागेल्याला चहा झाला.

(दृश्य: दिवाळी 2024 ला उघडलेल्या वर्षाचं पान. तारीख: 16 डिसेंबर 2024.)

वहीचा आणखी एक नियम सांगायचा राहिला. एकदा चढवलेला माल दुसऱ्यांदा चढत नाही. जुन्या नोंदीत खोडाखोड नाही, भर नाही.

झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी सांगलीतच होते. मामांनी सकाळी स्पीकर चार्जिंगला लावला, दुपारी दार ओढून घेतलं. संध्याकाळी वही उघडी होती, शाई वाळत होती.

तारीख. तपशील: ॲज वी स्पीक. किती वेळा: एक. शेऱ्यात एवढंच: 'दिवाळी 2022 ते 2023, खातेपान 9 पाहावे.'