पाकीट पेशंटसमोर फोडायचं

(दवाखान्याचं दार, बाहेर बाजाराची गर्दी)

बाजाराचा दिवस. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दातांच्या दवाखान्यात बाकड्यावर बसायला जागा नाही. आत खुर्चीत मावशी, गालाला हात लावून. दाढ चार दिवसांपासून ठणकतेय. लवंग झाली, मिश्री झाली, मेडिकलमधली गोळी झाली.

"मावशी, आधी इकडं बघा." डॉक्टर एक बंद पाकीट समोर धरतात. त्यावरची गुलाबी खूण तपकिरी झालीय. मग पाकीट फाडतात. आतून आरसा, चिमटा, प्रोब.

(ऑटोक्लेव्ह, वाफ)

हा ऑटोक्लेव्ह. हत्यारं निर्जंतुक करायचा थोरला कुकरच म्हणा. १२१ अंशांची वाफ, किमान १५ मिनिटं. मधेच लाईट गेली, आणि इथं ती जातेच, तर सगळं पहिल्यापासून. बाहेरचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. बरं, रंग बदलला म्हणजे पाकीट तापलं, एवढंच कळतं. जंतू मेले का, ते बीजाणूंच्या चाचणीतच दिसतं, म्हणजे जंतूंची चिवट बीजं आत ठेवून ती मरतात का ते बघायचं; ती दर आठवड्याला करायची असते.

२०२३ साली तामिळनाडूत, वाणियंबाडीच्या एका दंत दवाखान्यात, सलाईनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्यारानं उघडून पुन्हा पुन्हा वापरली जात होती, असं तपासात निघालं. मेलिऑइडोसिस या जीवघेण्या आजाराचे जंतू पेशंटच्या मेंदूपर्यंत पोचले. आठ जण गेले. दाताच्या दुखण्यापायी.

(मावशींचा एक्स-रे)

मावशींची दाढ वाचण्यासारखी आहे. रूट कॅनाल, तीन खेपा. पण दसरा झाला की मावशी कोयता घेऊन ऊसतोडीला निघणार, कोल्हापूरकडं. तिथं दाढ पुन्हा उठली तर नवा डॉक्टर विचारणार, आधी काय केलंय? कित्येकांच्या हातात तेव्हा पैशाची पावतीसुद्धा नसते.

इथं मात्र कागद मिळतो. कोणती दाढ, मुळांत किती कॅनाल, म्हणजे नळ्या, सापडले, आत कोणतं औषध ठेवलंय, काय बाकी आहे, किती पैसे जमा. खाली सही आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. उद्या तक्रार करायची वेळ आलीच, तर कोणाविरुद्ध करायची हे त्या क्रमांकावरून ठरतं. डॉक्टर तो स्वतःहून लिहून देतात, हे मला विशेष वाटलं.

"मला कुठं वाचता येतं, डॉक्टरसाहेब?"

"तिथल्या डॉक्टरला येतं ना, मावशी."

कागदाची चौघडी होते. आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकते.